झिल्बरमान, गोटफ्रीट

झिल्बरमान, गोटफ्रीट : (१४ जानेवारी १६८३—४ ऑगस्ट १७५३). जर्मन ऑर्गननिर्माता आणि जर्मनीतील आद्य पियानोकारांपैकी एक. जन्म सॅक्सनीतील फ्राउएनश्टाइनजवळच्या क्लाइनबोब्रिच या खेड्यात, एका सुताराच्या कुटुंबात. त्याचा वडीलबंधू आंड्रेआस (१६७८—१७३४) हा अ‍ॅल्सेसमधील स्ट्रॅस्बर्ग येथे ऑर्गननिर्माता म्हणून स्थायिक झाला होता. सु. १७०२ मध्ये गोटफ्रीट त्याच्याकडे गेला व तेथेच त्याने या कलेचे शिक्षण घेतले. १७१० मध्ये तो सॅक्सनीस परतला आणि फ्रायबर्ग या चांदीच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्याने कर्मशाळा उघडली. पुढील चार दशकांत त्याने सु. ५० ऑर्गन बांधले. त्यांपैकी सु. ३० आजही अस्तित्वात असून बहुतेक वाजविण्याच्या स्थितीत आहेत. अठराव्या शतकातील एकाच निर्मात्याची इतकी वाद्ये एकाच प्रदेशात टिकून राहावीत, ही गोष्ट यूरोपातही विरळाच आहे.

मराठी संगीत रंगभूमीमुळे ‘ऑर्गन’ हा शब्द महाराष्ट्रात परिचित आहे. परंतु नाट्यगृहातील तो ऑर्गन म्हणजे पायाने भाता चालवून धातूच्या पत्त्यांमधून स्वर काढणारे, पेटीच्याच कुळातील वाद्य होय. झिल्बरमानचे ऑर्गन नळ्यांचे आहेत. त्यांत मोठ्या भात्यांतून आलेली हवा वातपेटीत साठते. पट्टी दाबली, की लाकडी काड्या व तारा यांच्या साखळीने झडप उघडते आणि हवा नळीत शिरून स्वर निर्माण होतो. सारख्या ध्वनिगुणाच्या नळ्यांचा, प्रत्येक पट्टीस सामान्यतः एक नळी याप्रमाणे, एकेक संच असतो. त्यास ‘स्टॉप’ म्हणतात. हे संच वादकाला खुंट्या ओढून हवे तसे एकत्र करता येतात. हातांसाठी पट्ट्यांच्या एकावर एक अशा एक ते तीन ओळी आणि पायांसाठी लाकडी पट्ट्यांची वेगळी ओळ असते. असे वाद्य चर्चच्या वास्तूत, तिच्या ध्वनिगुणांचा अंदाज घेऊनच उभारावे लागते. त्यामुळे ऑर्गननिर्मात्याच्या कामात सुतारकाम, धातुकाम, यंत्रविद्या व संगीत यांचा जसा वाटा असतो, तसाच काही अंशी वास्तुकलेचाही असतो.

आंड्रेआसने १७०४ ते १७०६ या काळात पॅरिसमध्ये फ्रांस्वा त्येरी याच्या कर्मशाळेत काम केले होते. फ्रेंच ऑर्गनचे मर्म त्याच्यामार्फत धाकट्या भावाकडे आले. भरदार व किंचित कर्कश अशा जिव्हानलिका (ट्रम्पेट, मानवी कंठाचा आभास निर्माण करणारा ‘व्हॉक्स ह्यूमाना’), तसेच मूळ स्वराचे अनेक उपस्वर एकदम निनादविणारा ‘कॉर्नेट’ हे फ्रेंच संच होत. सॅक्सन ऑर्गनचा गंभीर, घट्ट बांधणीचा मूलस्वर आणि हे फ्रेंच रंग यांचा मेळ घालणे हे झिल्बरमानचे कार्य होय, असे सामान्यतः म्हटले जाते. ते खरे आहे. पण अपुरे आहे. असा मेळ इतरांनीही घातला. झिल्बरमानचे वेगळेपण त्याने काय मिळविले यापेक्षा काय टाळले यात अधिक दिसते.

फ्रायबर्ग येथील कॅथीड्रलच्या ऑर्गनचा करार झाला, तेव्हा झिल्बरमान अवघा सत्तावीस वर्षांचा होता. स्वतंत्रपणे बांधलेले एकही वाद्य तोवर सॅक्सनीत त्याच्या नावावर नव्हते. जन्मप्रदेशातील फ्राउएनश्टाइनच्या चर्चसाठी त्याने १७११ मध्ये पहिला ऑर्गन बांधला आणि त्याबद्दल मजुरी घेतली नाही. लाइपसिकचा संगीतकार योहान कूनाउ याने त्याची शिफारस केली होती. १७१४ मध्ये कॅथीड्रलचा ऑर्गन पूर्ण झाल्यावर त्याच्या परीक्षणासही कूनाउ उपस्थित होता. हातांच्या पट्ट्यांच्या तीन ओळी, पायपट्ट्या, ४४ स्टॉप आणि अडीच हजारांहून अधिक नळ्या असलेल्या या वाद्याच्या दर्शनी भागाचा आराखडा कॅथीड्रलचा ऑर्गनवादक एलिआस लिंडनर याने तयार केला होता. एका तरुण कारागिराचे पहिले मोठे काम म्हणून या ऑर्गनकडे पाहिले, तर त्यातील परिपक्वता थक्क करणारी आहे. पुढील एकोणचाळीस वर्षांत झिल्बरमानला तत्त्वतः नवे असे फारसे काही सांगावयाचे उरले नव्हते, इतकी ही रचना पूर्ण आहे. त्याच्या स्तुतिपाठकांना हे विधान रुचणार नाही. पण त्याच्या कलेच्या आकलनाची सुरुवात येथूनच करावी लागते.

झिल्बरमानच्या ऑर्गनमधील पट्ट्यांच्या प्रत्येक ओळीचे एक निश्चित व्यक्तिमत्त्व असते. मुख्य ओळीचा नाद धीरगंभीर, वरच्या ओळीचा तीक्ष्ण व भेदक, वादकाच्या समोरच्या छोट्या विभागाचा नाजूक, तर पायपट्ट्यांचा जोरकस असावा, असे त्याच्या करारांतूनही नमूद आहे. लहानमोठ्या चर्चसाठी त्याने मोजकेच आराखडे ठरविले आणि तेच किरकोळ फेरफारांसह पुनःपुन्हा वापरले. राइनहार्ट्सग्रिमा (१७३१) आणि फ्राउरॉइट (१७४२) येथील वाद्यांत अकरा वर्षांचे अंतर आहे; पण दोन्ही वीस स्टॉपची आणि एकमेकांची भावंडे शोभावीत इतकी सारखी आहेत. समकालीन निर्माते प्रत्येक नव्या चर्चमध्ये एखादा नवा, चमत्कृतिपूर्ण संच घालून गिऱ्हाइकास दिपवीत. झिल्बरमानला त्याची ओढ नव्हती. उत्तर जर्मनीतील आर्प श्निटगर (१६४८—१७१९) याने हँबर्गच्या सेंट जेकब चर्चमध्ये साठ स्टॉपचा, पट्ट्यांच्या चार ओळींचा प्रचंड ऑर्गन उभारला होता. झिल्बरमानचा सर्वांत मोठा ऑर्गन सत्तेचाळीस स्टॉपचा आहे आणि पट्ट्यांच्या तीनपेक्षा अधिक ओळी त्याने कधीच योजल्या नाहीत. वादकाच्या पाठीमागे, सज्जाच्या कठड्यावर वेगळा छोटा ऑर्गन बसविण्याची जुनी प्रथाही त्याने पूर्णपणे सोडून दिली.

या पुनरावृत्तीला कल्पनेचे दारिद्र्य म्हणता येईल आणि काही अभ्यासकांनी तसे सूचितही केले आहे. मात्र तिचे फळ वाद्यांत ऐकू येते. आराखडा ठरलेला असल्यामुळे झिल्बरमानचे सारे लक्ष नळीच्या मुखाशी होणाऱ्या अंतिम, सूक्ष्म संस्कारावर एकवटले. नळीच्या ओठांची उंची, पायाच्या छिद्राचा व्यास आणि हवेचा दाब यांच्या मेळातून नळी ‘बोलू’ लागते. हे काम कागदावर दाखविता येत नाही. झिल्बरमानच्या ऑर्गनमध्ये खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत नाद कोठेही विरत नाही. अनेक संच एकत्र केले, तरी प्रत्येकाचा रंग ओळखू येतो आणि समूहाची धार कायम राहते. या नादाला ‘चंदेरी’ हे विशेषण दीर्घकाळ चिकटले आहे. झिल्बरमान या आडनावात ‘चांदी’ या अर्थाचा जर्मन शब्द असल्याने हे विशेषण कानांनी दिले की नावाने सुचविले, असा संशय घेण्यास जागा आहे. दर्शनी नळ्यांची झळाळी चांदीची नसून कथलाची आहे, हे मात्र निश्चित. साहित्याच्या बाबतीत झिल्बरमानने काटकसर केली नाही. नळ्यांतील कथलाचे भरपूर प्रमाण, उत्तम वाळविलेले लाकूड आणि जोडकामातील नेटकेपणा यांमुळे त्याची वाद्ये शतकानुशतके टिकली.

व्यवसायात झिल्बरमान कठोर होता. १७२३ मध्ये सॅक्सनीचा इलेक्टर व पोलंडचा राजा दुसरा ऑगस्टस याने त्याला दरबारी ऑर्गननिर्मात्याची पदवी दिली आणि त्याच्या ‘चेंबाल दामूर’ या नव्या वाद्याच्या निर्मितीचा विशेषाधिकारही बहाल केला. तार दुप्पट लांबीची घेऊन तिच्या मध्यावर आघात करावयाचा आणि दोन्ही बाजूंचे अर्ध एकदम निनादू द्यावयाचे, अशी या वाद्याची कल्पना होती. मायसेनचा निर्माता हेनेल याने त्याची नक्कल करताच झिल्बरमानने त्याच्याशी वाद मांडला. पुढे मात्र डाव उलटला. मोठ्या संतूरसारख्या ‘पँटालिऑन’ या वाद्याचा जनक पँटालिऑन हेबनश्ट्राइट (१६६८—१७५०) याने १७२७ मध्ये राजाज्ञा मिळवून झिल्बरमानलाच ते वाद्य परस्पर तयार करण्यास मनाई केली. शिष्यांशीही त्याचे संबंध सरळ नव्हते. त्याचा सर्वांत गुणी शिष्य त्साखारिआस हिल्डब्रांट (१६८८—१७५७) याने गुरूच्या प्रदेशात स्पर्धा करू नये, असे बंधन त्याच्यावर होते. त्यातून कलह निर्माण झाला आणि झिल्बरमानने नाकारलेली कामेच हिल्डब्रांटने घ्यावीत, अशी तडजोड अखेर झाली. हिल्डब्रांटचे नाउमबुर्क येथील सेंट व्हेंत्सेल चर्चमधील ५३ स्टॉपचे वाद्य १७४६ मध्ये पूर्ण झाले, तेव्हा परीक्षक म्हणून योहान झेबास्टिआन बाख आणि खुद्द झिल्बरमान हे दोघे एकत्र आले होते. सॅक्सन परंपरा कोणत्या दिशेने वाढू शकली असती, हे पाहावयाचे असल्यास गुरूपेक्षा या शिष्याच्या वाद्याकडे पाहावे लागते.

बाखच्या नावाशी झिल्बरमानचे नाव जोडण्याची प्रथा पडली आहे. ‘बाखचा ऑर्गन’ म्हणजे झिल्बरमानचा ऑर्गन, हे समीकरण सर्वसामान्य ग्रंथांतून आढळते. त्यास मर्यादा आहेत. बाखने ड्रेझ्डेनमधील सेंट सोफिया चर्चमधील झिल्बरमानच्या ऑर्गनवर १७२५ व १७३१ मध्ये वादन केले; त्याचा पुत्र व्हिल्हेल्म फ्रीडमान १७३३ पासून तेथे वादक होता. त्याच नगरीतील फ्राउएनकिर्श या भव्य चर्चमधील ऑर्गनवर १ डिसेंबर १७३६ रोजी झालेले बाखचे वादन प्रसिद्ध आहे. पण फ्रायबर्गच्या कॅथीड्रलमध्ये बाख वाजविण्यास गेल्याचा पुरावा नाही. शिवाय झिल्बरमानच्या पायपट्ट्या वरच्या ‘सी’ स्वराशी थांबतात आणि पट्ट्यांच्या तळाशी पहिली काळी पट्टी नसते. बाखच्या काही मोठ्या रचना त्यामुळे या वाद्यांवर फेरफार केल्याशिवाय वाजविता येत नाहीत.

मतभेदाचा खरा मुद्दा स्वर जुळविण्याचा होता. भारतीय संगीताच्या श्रोत्याला तो समजण्यास अवघड जाऊ नये. पेटीचा गांधार आणि तंबोऱ्यातून ऐकू येणारा स्वयंभू गांधार यांतील अंतर त्याच्या कानांना ठाऊक असते. सप्तकाच्या बारा पट्ट्यांत सर्व षड्ज-पंचम आणि सर्व शुद्ध गांधार एकाच वेळी निर्दोष ठेवणे गणिताने अशक्य आहे. कोठे तरी तडजोड करावीच लागते. झिल्बरमान जुन्या मध्यस्वरी पद्धतीच्या जवळ राहिला. या पद्धतीत पंचम थोडे उतरवून गांधार स्वयंभू स्वराजवळ आणले जातात. झिल्बरमानचे गांधार पूर्ण स्वयंभू नव्हते. ते स्वयंभू आणि आजच्या समविभाजित गांधाराच्या साधारण मध्यावर येत. त्यामुळे नेहमीच्या, कमी काळ्या पट्ट्या लागणाऱ्या स्वरस्थानांत त्याचा ऑर्गन कमालीचा गोड व स्थिर वाटतो. मात्र ठिकठिकाणी वाचविलेली ही तूट एका जागी साचते आणि तेथील स्वरांतर इतके बेसूर होते, की पाश्चात्त्य वादक त्याला ‘लांडगा’ म्हणत. त्या बाजूच्या स्वरस्थानांत वाजविणे जवळजवळ निषिद्धच होते. सर्व चोवीस स्वरस्थानांतून संचार करणारा पियानोपूर्व वाद्यांसाठीचा आपला संग्रह बाखने १७२२ मध्ये सिद्ध केला होता, हे लक्षात घेतले म्हणजे दोघांच्या दृष्टीतील अंतर स्पष्ट होते. लोबेनश्टाइनचा वादक व संगीतशास्त्रज्ञ गेओर्क आंड्रेआस झोर्ग याने १७४८ मध्ये झिल्बरमानच्या या पद्धतीवर उघड टीका केली. नव्या संगीतरचनेच्या गरजा पाहता ती योग्य होती. तथापि झिल्बरमान बदलला नाही. ग्रामीण चर्चमधील स्तोत्रगायनाला बारा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची समता नको होती. सुरेल गांधार हवा होता आणि तो त्याने दिला. पुढे एकोणिसाव्या शतकात त्याची बहुतेक वाद्ये समविभाजित पद्धतीने जुळविली गेली, तेव्हा नळ्या त्याच राहूनही त्यांची मूळ कांती बरीचशी लोपली.

पियानोच्या इतिहासात झिल्बरमानचे स्थान वेगळ्या प्रकारचे आहे. तो त्या वाद्याचा जनक नव्हे. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने हातोडीच्या आघाताने मंद व तीव्र नाद काढणारे वाद्य आधीच तयार केले होते. त्याचे शीप्योने माफ्फेईने १७११ मध्ये लिहिलेले वर्णन १७२५ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध झाले. झिल्बरमानने त्या दिशेने प्रयोग केले आणि आरंभीचे एक वाद्य बाखला दाखविले. बाखचा शिष्य आग्रिकोला याने नोंदविल्यानुसार, बाखने नादाची प्रशंसा केली. पण वरचे स्वर दुबळे आणि पट्ट्या जड आहेत, असेही सांगितले. झिल्बरमानला राग आला आणि तो दीर्घकाळ टिकला. तरीही त्याने वाद्याची विक्री थांबविली, वर्षानुवर्षे दुरुस्त्या केल्या आणि अखेर बाखची पूर्ण संमती मिळविली. झिल्बरमानच्या स्वभावाची दोन्ही अंगे या हकीकतीत दिसतात. त्याच्या उत्तरकालीन पियानोंतील यंत्रणा क्रिस्तोफोरीच्या यंत्रणेशी अगदी मिळतीजुळती आहे. म्हणजे ‘दुरुस्ती’चा मोठा भाग वर्णनावरून केलेल्या अनुकरणाऐवजी मूळ इटालियन वाद्याच्या प्रत्यक्ष अभ्यासाचा असावा. तारांवरील दाबपट्ट्या हाताने एकदम उचलण्याची सोय मात्र त्याची स्वतःची होती. तीत निषिद्ध झालेल्या पँटालिऑनच्या घुमणाऱ्या नादाची आठवण आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याने त्याचे अनेक पियानो विकत घेतले. मे १७४७ मध्ये पॉट्सडॅम येथे राजाने दिलेल्या स्वरकल्पनेवर बाखने आयत्या वेळी फ्यूग वाजविला, तो याच पियानोंवर. त्यांपैकी दोन पॉट्सडॅमच्या राजवाड्यांत, तर १७४९ चा एक न्यूरेंबर्गच्या संग्रहालयात आहे. झिल्बरमानच्या क्लॅव्हिकॉर्डलाही मोठा मान होता. बाखचा पुत्र कार्ल फिलिप एमानुएल याने आपला असा एक क्लॅव्हिकॉर्ड १७८१ मध्ये दुसऱ्यास देताना त्याच्या निरोपासाठी स्वतंत्र रचना केली.

अविवाहित झिल्बरमान ड्रेझ्डेनच्या दरबारी चर्चमधील आपल्या सर्वांत मोठ्या ऑर्गनचे काम चालू असतानाच त्या नगरीत मृत्यू पावला. स्ट्रॅस्बर्गहून आलेला पुतण्या योहान डानिएल आणि पूर्वीचा प्रतिस्पर्धी-शिष्य हिल्डब्रांट यांनी ते काम पुढे नेले; १७५५ मध्ये हा ऑर्गन पूर्ण झाला. अ‍ॅल्सेसमध्ये त्याचा दुसरा पुतण्या योहान आंड्रेआस (१७१२—८३) याने घराण्याचे नाव राखले. स्ट्रॅस्बर्गच्या सेंट टॉमस चर्चमधील त्याचा १७४१ चा ऑर्गन मोट्सार्टने १७७८ मध्ये वाजविला.

एकोणिसाव्या शतकात ऑर्गनची अभिरुची वाद्यवृंदाच्या नादाकडे वळली. जर्मनीतील अनेक जुने ऑर्गन मोडून नवे बसविण्यात आले. झिल्बरमानची वाद्ये वाचली, यास त्याच्या नावाचा दबदबा जसा कारण झाला, तसेच सॅक्सनीतील खेड्यांचे दारिद्र्यही कारण झाले. नवा ऑर्गन घेण्यास तेथे पैसा नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी अल्बर्ट श्वाइट्सर याने अ‍ॅल्सेसमधील जुन्या ऑर्गनांची बाजू घेतली आणि पुढे १९२७ मध्ये फ्रायबर्ग येथेच ऑर्गनसुधारणेच्या चळवळीची परिषद भरली. तेव्हापासून झिल्बरमान हा आदर्श मानला जाऊ लागला. प्रसंगी गरजेपेक्षा अधिक. या चळवळीतील निर्मात्यांनी त्याच्या स्टॉपच्या याद्या उतरवून घेतल्या, पण हवेचा दाब, नळीची बोलण्याची रीत आणि स्वरजुळणी यांकडे त्यांचे पुरेसे लक्ष गेले नाही. त्यामुळे त्या काळातील कित्येक ‘झिल्बरमान पद्धती’चे ऑर्गन कृश व किरटे वाटतात.

महायुद्धाने ड्रेझ्डेनमधील त्याच्या कार्यावर सर्वांत मोठा आघात केला. फेब्रुवारी १९४५ मधील बाँबहल्ल्यात सेंट सोफिया व फ्राउएनकिर्श येथील दोन्ही ऑर्गन नष्ट झाले. दरबारी चर्चमधील ऑर्गनच्या नळ्या १९४४ मध्येच एका मठात हलविल्यामुळे वाचल्या. त्या पुन्हा जोडून १९७१ मध्ये वाद्य सिद्ध करण्यात आले. फ्राउएनकिर्शची वास्तू जुन्या दगडांसह पुन्हा उभी राहून २००५ मध्ये खुली झाली, तेव्हा तिच्यातील ऑर्गनवरून मोठा वाद झाला. झिल्बरमानची हुबेहूब प्रतिकृती करावी, असे एका पक्षाचे म्हणणे होते. उत्तरकालीन संगीतही वाजविता येईल असे मोठे वाद्य असावे, असे दुसऱ्याचे. अखेर स्ट्रॅस्बर्गच्या डानिएल केर्न या निर्मात्याने झिल्बरमानची स्टॉपरचना गाभ्याशी ठेवून पट्ट्यांची चौथी ओळ असलेला विस्तृत ऑर्गन बांधला. तो उत्तम आहे. परंतु आपल्या ठरलेल्या मर्यादेबाहेर पाऊल न टाकणाऱ्या निर्मात्याचे नाव या वाद्यास कितपत लागू पडते, हा प्रश्न राहतोच. झिल्बरमानचा स्वर ऐकण्यासाठी फ्रायबर्ग, रोथा, पोनित्स किंवा ग्रोसहार्टमान्सडॉर्फ या लहान गावांचीच वाट धरावी लागते. फ्रायबर्गच्या कॅथीड्रलमधील ऑर्गनचा १९८१ ते १९८३ या काळात जीर्णोद्धार झाला असून तो आजही अठराव्या शतकातील उंच पट्टीत, म्हणजे प्रचलित प्रमाण स्वरापेक्षा अर्ध्या स्वराहून अधिक वर, बोलतो. त्यामुळे त्याच्या साथीला बसणाऱ्या वाद्यवृंदाला आपली स्वरलिपी बदलून घ्यावी लागते.